धावणं आणि वजनं: एका दमात, सकाळ-संध्याकाळ की एक दिवसाआड?

धावणारा जिमला जायला लागला किंवा जिमवाला धावायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला: आधी काय करायचं? त्याचं उत्तर पुढे येईलच. पण खरा निर्णय वेगळाच असतो, तो म्हणजे पायांचा जड दिवस आठवड्यात कुठे बसवायचा. छाती, पाठ, खांदे यांचा व्यायाम धावण्याच्या फारसा आड येत नाही, तो कुठेही ढकलता येतो. जुंपते ती स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठबस)-डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि धावण्याची, कारण दोघांनाही त्याच मांड्या आणि त्याच पोटऱ्या हव्या असतात.

'कार्डिओ मसल खातं', म्हणजे धावण्यासारख्या दमाच्या व्यायामाने स्नायू झिजतात, हे जिममधलं वाक्य अगदीच हवेतून आलेलं नाही. १९८० साली रॉबर्ट हिक्सन यांचा दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात एक गट फक्त ताकदीचा, दुसरा फक्त दमाचा आणि तिसरा दोन्ही करणारा होता. तिसऱ्या गटाची ताकद सहा-सात आठवडे छान वाढली, मग अडली आणि शेवटी घसरली. मात्र ती माणसं आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरदार दमाचा व्यायाम करत होती. तीन दिवस धावून दोन दिवस वजन उचलणाऱ्याने त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. त्याला फटका बसलाच तर तो उडी, झेप अशा स्फोटक जोराला आधी बसतो.

एका दमात: आधी धाव, मग वजन

शर्यत डोळ्यांसमोर असेल आणि दिवसाला एकच तास मिळत असेल, तर हा क्रम चालतो, पण मागून फक्त वरच्या शरीराचा व्यायाम ठेवावा. पाच-सहा किलोमीटर टेम्पो (सलग, दमवणाऱ्या पण झेपेल अशा वेगाने) धावून थेट स्क्वॉट रॅकखाली गेलं की काय होतं ते आरशात दिसतं. तिसऱ्या रेपला (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप) गुडघे आत झुकतात, खाली बसताना कंबर गोल होते आणि वर येताना छातीआधी ढुंगण उठतं. एरवी ६० किलोचे पाच रेप्स सहज निघत असतील, तर आज तीनच साफ निघतात. स्क्वॉट करायचाच असेल तर ५० ते ५५ किलोवर उतरा. ठरलेला आकडा गाठायचा हट्ट धरला की पाठ धरते.

एका दमात: आधी वजन, मग धाव

ताकद किंवा स्नायू वाढवणं हा मुख्य हेतू असेल तर हाच क्रम घ्या. ताज्या पायांनी जड उचला आणि शेवटी २० ते २५ मिनिटं सावकाश धावा. सावकाश म्हणजे पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकंच. स्क्वॉटनंतर इंटरव्हल (मध्ये दम घेत मारलेल्या छोट्या वेगवान धावा) मात्र नकोत. थकलेला पाय जमिनीवर थप्‌थप्‌ आपटू लागतो, पावलं लांब आणि जड पडतात, आणि पोटरी किंवा नडगी कुरकुरते.

सकाळ-संध्याकाळ

वेळ काढता येत असेल तर सगळ्यांत सरस हाच मार्ग. मध्ये किमान सहा तास असावेत आणि एक भरपेट जेवण व्हावं. सकाळी ६ × ४०० मीटरचे इंटरव्हल, संध्याकाळी स्क्वॉट. कठीण काम कठीण दिवशीच उरकायचं, म्हणजे सोपा दिवस खरोखर सोपा राहतो. ऐकायला उलटं वाटतं, पण अंगदुखीचा हिशेब मांडला की पटतं. जड स्क्वॉटनंतर पाय सर्वाधिक दुखतात ते साधारण २४ ते ७२ तासांत.

एक दिवसाआड

कागदावर सर्वांत नीटस दिसणारी आणि नवख्याला सोयीची हीच मांडणी. आठवड्याला तीन धावा आणि दोन जिम इतपत ती उत्तम चालते. त्यापुढे गेलात की आज जड पाय, उद्या इंटरव्हल असं होतं आणि पाय कधीच ताजे मिळत नाहीत. शनिवारी लेग डे (पायांचा जड दिवस) आणि रविवारी लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) ही त्यातली सगळ्यांत नेहमीची चूक.

मध्यम तयारीच्या माणसाने आठवडा असा लावावा: सोमवारी वरचं शरीर, मंगळवारी सकाळी इंटरव्हल आणि संध्याकाळी स्क्वॉट, बुधवारी विश्रांती, गुरुवारी सकाळी टेम्पो आणि संध्याकाळी डेडलिफ्ट, शुक्रवारी सुट्टी, शनिवारी हलकी धाव, रविवारी लाँग रन. गुरुवारचा डेडलिफ्ट मोजकाच ठेवा, तीन सेट (रेप्सच्या सलग फेऱ्या) पुरेत.

धावणारे जिममध्ये गेले की हलकं वजन घेऊन वीस-वीस रेप्स करतात. ती मेहनत वाया जाते. पायांना तसला दम धावताना मिळतोच. धावण्यात फरक पडतो तो जड वजनाने: ३ ते ४ सेट, ४ ते ६ रेप्स, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आणि अजून एक-दोन रेप्स निघतील अशा टप्प्यावर थांबणं. जोडीला काफ रेझ (टाचा उचलून पोटरीचा व्यायाम) दोन्ही प्रकारे करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीचा आतला स्नायू तयार होतो, आणि धावताना खरा भार तोच पेलतो.

जिमवाल्यांची चूक याच्या उलट. छाती-मांड्या तयार, म्हणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर जोरात. स्नायू तयार असले तरी कंडरा आणि हाडं जमिनीचे धक्के खाण्याला सरावलेली नसतात. पहिला महिना दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं वीस मिनिटं पुरे. एकाच आठवड्यात किलोमीटर आणि वजन दोन्ही वाढवू नका.

खाण्यात कपात करून दोन्ही ओढायला गेलात तर पाय आठवडाभर जड राहतात, झोप मोडते आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागते. शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं आणि पोटभर कर्बोदकं लागतात. वजन उतरवायचं असेल तर ते शर्यतीच्या तयारीच्या महिन्यांत नको.

शर्यत जवळ आली की शेवटचा जड लेग डे ७ ते १० दिवस आधी उरकावा. त्यानंतर एकच हलकं सत्र ठेवावं, नेहमीच्या निम्मे सेट आणि उतरवलेलं वजन.