वर्म गिअरबॉक्स की बेव्हल-हेलिकल? निवड करण्यापूर्वी

मोटर आणि यंत्राचा शाफ्ट एकमेकांशी काटकोनात असले आणि वेग बराच कमी करायचा असला, की वर्म (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाकाला, म्हणजे वर्म व्हीलला, फिरवतो) आणि बेव्हल-हेलिकल (शंकूच्या आकाराचे आणि तिरप्या दातांचे गिअर) असे दोन पर्याय समोर येतात. वर्म गिअरबॉक्स आटोपशीर, स्वस्त आणि आवाजाला कमी असून 60:1 इतके गुणोत्तर, म्हणजे साठपट कमी वेग, तो एकाच टप्प्यात देतो, तर बेव्हल-हेलिकलला तेवढ्यासाठी साधारण तीन टप्पे लागतात आणि त्याची किंमतही अधिक असते.

खरा फरक कार्यक्षमतेत आहे. वर्मचे दात वर्म व्हीलवर घसरत चालतात, त्यामुळे 10:1 च्या आसपास 85 ते 90 टक्के असलेली त्याची कार्यक्षमता 60:1 ला साधारण 60 टक्क्यांवर येते. बेव्हल-हेलिकलमध्ये ती 94 टक्क्यांच्या आसपास टिकते. समजा, मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर 24 फेऱ्यांवर आणून आउटपुटला 1.5 किलोवॉट हवे आहेत. वर्मला मोटरकडून 2.5 किलोवॉट घ्यावे लागतील, बेव्हल-हेलिकलला सुमारे 1.6. यंत्र रोज 16 तास आणि वर्षातून 300 दिवस चालत असेल, तर हा 0.9 किलोवॉटचा फरक वर्षाला 4,300 युनिटांच्या वर जातो. दिवसातून तासभर, थांबत-थांबत चालणाऱ्या यंत्रात मात्र तो इतका किरकोळ ठरतो की महागडा गिअरबॉक्स घेण्याचे समर्थन करता येत नाही.

वाया गेलेली ऊर्जा उष्णता होऊन तेलात उतरते. म्हणून सलग चालणाऱ्या कामासाठी वर्म घेताना कॅटलॉगमधील यांत्रिक क्षमतेइतकीच औष्णिक क्षमताही, म्हणजे फार न तापता सतत किती शक्ती पेलता येते तेही, तपासावे. अनेकदा दुसरा आकडाच लहान असतो, आणि नेमका तोच पाहायचा राहून जातो.

‘वर्म उलटा फिरत नाही, मग ब्रेक कशाला?’ हा युक्तिवाद उचलयंत्रांच्या बाबतीत धोकादायक आहे. सेल्फ-लॉकिंग, म्हणजे भाराने उलटे न फिरणे, हा गुण सर्व गुणोत्तरांना लागू नसून लीड अँगल (वर्मच्या आट्यांचा तिरपा कोन) लहान, ढोबळमानाने 5 अंशांच्या आत, असेल तरच मिळतो, आणि तोही कंपनांमुळे किंवा घर्षण कमी करणाऱ्या तेलामुळे निसटू शकतो. भार लटकता असेल, तर कोणताही गिअरबॉक्स घ्या, ब्रेक मोटर हवीच.

धक्क्याचा भार वर्म गिअरबॉक्समधले ब्राँझचे व्हील बऱ्यापैकी पचवते, तरीही क्रशरसारख्या यंत्रासाठी सर्व्हिस फॅक्टर (गिअरबॉक्स निवडताना भाराला गुणायचा सुरक्षेचा आकडा) चढाच धरावा. चालू होताना वर्मची कार्यक्षमता नेहमीपेक्षाही कमी असते, त्यामुळे भारासह सुरू होणाऱ्या कन्व्हेअरची मोटर केवळ चालू स्थितीच्या आकड्यांवर ठरवू नये.

वर्मच घ्यायचे ठरले, तर तेलाचा प्रकार खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावा. काही ईपी (जास्त दाबासाठीच्या) तेलांतील सक्रिय गंधक तापमान वाढल्यावर ब्राँझला खाते, आणि पॉलिग्लायकॉल हे कृत्रिम तेल भरलेल्या गिअरबॉक्समध्ये खनिज तेलाची भर मुळीच चालत नाही.