साठीनंतरच्या काइटसर्फिंगसाठी सीट हार्नेस

काइटसर्फिंग म्हणजे काइटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या, ओढीने फळीवरून पाणी कापत जाणं. असं किनाऱ्याकिनाऱ्याने वाऱ्याच्या दिशेने तासन्‌तास जायचं असेल, तर काइटच्या आधी हार्नेस, म्हणजे काइटची ओढ अंगावर घेणारा पट्टा, नीट निवडा. काइट डोक्यावर आला की वेस्ट हार्नेस (नुसता कमरेला बांधायचा) वर सरकून बरगड्यांत रुततो. सीट हार्नेसला मांड्यांचे पट्टे असतात, त्यामुळे काइट अडकवायचा पुढचा हुक खालीच राहतो, ओढ पाठीवर न येता नितंबांवर येते आणि काइट वळवायचा दांडा, म्हणजे बारही हाताच्या टप्प्यात राहतो. ज्यांची पाठ धरते, त्यांनी दुसरा विचारच करू नये.

आधी कमरेचा पट्टा आवळा, मग मांड्यांचे, शेवटी स्प्रेडर बार (हुक बसवलेली पुढची आडवी पट्टी). हुक धरून जोरात वर ओढा. सरकला तर पट्टे सैल आहेत. उष्ण कटिबंधात वेटसूट लागत नाही, पण नुसत्या चड्डीवर हार्नेस घातला तर मांड्या सोलवटतात. आत लांब लायक्रा (ताणली जाणारी अंगाबरोबरची पँट) हवीच. नवरा-बायकोने एकच हार्नेस आलटूनपालटून वापरू नये, माप बिघडतं.

उंच उड्या मारणाऱ्यांना मात्र सीट हार्नेसमध्ये जखडल्यासारखं वाटेल.

रोज गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हाने शिवणीचा दोरा कमकुवत होतो. बारच्या क्विक रिलीजमध्ये (काइटची ओढ झटकन तोडायच्या कळीत) वाळू अडकते, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तो दर वेळी उघडून बघा.