व्हीएस कोड आणि गोडॉट, नऊ महिन्यांनंतर: एका 'ऱ्या'ने बदललेले मत

दिवाळीच्या सुट्टीत निफाडजवळ मामांच्या घरी मी स्वतः बनवत असलेला संगणकावरचा खेळ पहिल्यांदाच घरातल्या मुलांसमोर ठेवला आणि तिसऱ्याच प्रसंगात व्यापाऱ्याच्या मुलाचे चित्र उमटले नाही. संवाद व्यवस्थित येत होता, भाव ठरवण्याची बटणे चालत होती, पण चित्राच्या जागी राखाडी रंगाची कोरी आकृती उभी होती. नाशिकला परतल्यावर त्या एका चित्रामागे माझ्या चार रात्री गेल्या. दोष खेळाच्या तर्कात नव्हता, चित्राच्या फाइलीतही नव्हता. तो 'व्यापाऱ्याचा मुलगा' या दोन शब्दांत दडला होता, आणि मी विचारपूर्वक निवडलेल्या, महिनाभर खपून मनासारख्या लावून घेतलेल्या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये, म्हणजे व्हीएस कोडमध्ये, तो डोळ्यांना दिसूच शकत नव्हता. एप्रिल ते जानेवारी या काळातल्या वापराचा हा अनुभव त्यामुळेच लिहीत आहे, आणि मराठी मजकूर असलेला खेळ जे करू पाहत आहेत त्यांना तो विशेष उपयोगी पडावा.

माझे काम थोडक्यात सांगतो. दिवसा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आणि रात्री नऊनंतर हा खेळ. खेळात एका द्राक्षबागेचे वर्ष आहे: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मध्येच येणारा अवकाळी पाऊस, डावणी आणि भुरी हे रोग, आणि शेवटी बांधावर येऊन भाव पाडून मागणारा व्यापारी. संवाद माझी मामेबहीण लिहिते, कारण ती बागेतच वाढली आहे आणि मजूर, शेतकरी, व्यापारी कसे बोलतात हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक नेमके ठाऊक आहे. यंत्र म्हणजे आठ जीबी रॅमचा, उबुंटू घातलेला जुना लॅपटॉप. खेळ बनवण्याचे इंजिन गोडॉट ४ आणि त्याचीच भाषा जीडीस्क्रिप्ट. सी शार्प या दुसऱ्या भाषेचा विचार मी केला होता, पण मी निवड केली तेव्हा गोडॉट ४ मधला सी शार्पचा प्रकल्प वेबसाठी एक्स्पोर्ट होत नव्हता, आणि खेळ ब्राउझरमध्ये चालणे माझ्यासाठी आवश्यक होते, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

एडिटर निवडताना पैशाचा विचार पहिला होता, हे मोकळेपणाने सांगतो. जेटब्रेन्स कंपनीने ऑक्टोबर २०२४ पासून रायडर हा आपला एडिटर बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत केला आहे. परंतु हा खेळ मला विकायचा आहे, तेव्हा ती सवलत घेणे मला योग्य वाटले नाही, आणि एकही प्रत विकली गेलेली नसताना दरवर्षी शुल्क भरणे परवडणारे नव्हते. गोडॉटचा अंगभूत स्क्रिप्ट एडिटर चांगला आहे, पण गिटवरचे काम (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणे) आणि शेकडो संवादांच्या फाइली सांभाळणे त्यात मला अवघड गेले. विम हा टर्मिनलमध्ये, म्हणजे निव्वळ मजकुराच्या खिडकीत, चालणारा एडिटर मी दोन रात्री वापरून पाहिला आणि सोडून दिला, कारण टर्मिनलच्या ठरावीक रुंदीच्या चौकटींत देवनागरीची जोडाक्षरे मोडून पडत होती, वेलांट्या आणि काने जागा सोडत होते, आणि काही शब्दांच्या मध्येच कोनी कंसात '२००डी' अशी खूण उमटत होती. हे टर्मिनलचे वेड आपल्या लिपीसाठी नाही, असे मी त्या वेळी ठरवून टाकले. ते वाक्य मला पुढे मागे घ्यावे लागले.

अशा रीतीने व्हीएस कोड उरला. त्याच्या मांडणीत जिथे वेळ गेला तेवढेच सांगतो. गोडॉट टूल्स हे एक्स्टेंशन (एडिटरला जोडायची पुरवणी) घातले की जीडीस्क्रिप्टचे ऑटोकम्प्लीट, म्हणजे टंकताना पुढच्या शब्दांच्या सूचना, मिळते, पण त्या देणारा लँग्वेज सर्व्हर गोडॉटच्या आत असतो आणि ६००५ या पोर्टवर बोलतो. गोडॉट बंद केले की सूचना बंद होतात. पहिला आठवडा मी एक्स्टेंशन बिघडले आहे असे समजून ते पुन्हापुन्हा काढत आणि घालत होतो. गोडॉटच्या एडिटर सेटिंग्जमध्ये बाहेरच्या एडिटरसाठी जे फ्लॅग द्यायचे असतात, त्यांत फाइल, ओळ आणि स्तंभ यांच्या आधी प्रकल्पाचा मार्गही द्यावा लागतो. तो मी गाळला होता, त्यामुळे प्रत्येक स्क्रिप्ट एकट्या खिडकीत उघडे आणि बाकीच्या प्रकल्पाशी तिचा संबंधच नसे. बाहेर झालेले बदल गोडॉटने आपोआप वाचून घ्यावेत यासाठीही तिथे एक खूण आहे, ती चालू केल्याशिवाय दर वेळी विचारणा होत राहते.

खरी अडचण मेमरीची होती. गोडॉट, व्हीएस कोड आणि ब्राउझर एकत्र उघडले की लॅपटॉप अडखळू लागे. महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात रॅम वाढवण्याची चौकशी केली, तर रॅमची पट्टी बदलण्याबरोबर लॅपटॉपची 'संपूर्ण सर्व्हिसिंग' करून घेण्याची अट घालण्यात आली, जी मला नको होती. मी लॅपटॉप उचलून परत आलो. त्याच आठवड्यात कळले की गोडॉट ४.२ पासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये हे एक्स्टेंशन स्वतःच गोडॉटची खिडकीविना चालणारी प्रत सुरू करून तिच्याकडून सूचना घेऊ शकते. एक्स्टेंशनच्या सेटिंग्जमध्ये 'हेडलेस' या शब्दाने शोधले की ती सोय सापडते. केवळ संवाद आणि स्क्रिप्ट लिहायच्या रात्री मी गोडॉटची पूर्ण खिडकी उघडतच नाही. रॅम अजून आठच जीबी आहे आणि काम चालले आहे.

मग मी देवनागरीकडे वळलो, आणि इथे व्हीएस कोडने मला खरोखर आनंद दिला. फाँट फॅमिलीच्या सेटिंगमध्ये आधी जेटब्रेन्स मोनो आणि स्वल्पविराम देऊन पुढे नोटो सान्स देवनागरी असे लिहिले की रोमन अक्षरे पहिल्या फाँटमधून आणि मराठी अक्षरे दुसऱ्या फाँटमधून येतात. ओळीची उंची मूळ मापावर ठेवली तर वरचे रफार आणि खालचे उकार शेजारच्या ओळींना टेकतात, म्हणून ती १.७ केली. तेव्हापासून 'द्राक्षे', 'उद्ध्वस्त', 'कृषिसेवा' हे शब्द कोडच्या मधोमध छापील पुस्तकासारखे दिसू लागले. सहा महिने मी भेटेल त्याला हीच मांडणी सुचवत होतो, आणि मराठी मजकुरासाठी याहून चांगला एडिटर नाही असे सांगत होतो.

आता त्या चित्राविषयी. बोलणाऱ्या पात्राचे नाव मी संवादांच्या सीएसव्ही फाइलीतून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या तक्त्यातून) घेतो आणि त्या नावावरून डिक्शनरीतून, म्हणजे कोडमधल्या नाव-चित्र जोड्यांच्या यादीतून, चित्र काढतो. नाव सापडले नाही तर खेळ थांबू नये म्हणून कोरी आकृती हा पर्याय दिलेला होता, त्यामुळे चूक झाली तरी कुठलाही त्रुटीसंदेश येत नव्हता. पहिल्या दोन प्रसंगांत व्यापाऱ्याचा मुलगा नीट दिसे, तिसऱ्यात दिसत नसे. मी नाव डोळ्यांनी ताडून पाहिले, नावापुढची रिकामी जागा काढून पाहिली, चित्रे पुन्हा आयात केली. तिसऱ्या रात्री संपूर्ण प्रकल्पात 'व्यापाऱ्या' शोधले तेव्हा ४१ ठिकाणे सापडली. हा शब्द ज्या संवादात माझ्या समोर पडद्यावर दिसत होता, तो संवादच त्या ४१ मध्ये नव्हता. डोळ्यांना शब्द दिसतो आहे आणि शोधाला तो सापडत नाही, हे पाहून मी खरोखर घाबरलो.

याचे कारण आपल्या लिपीत आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या दऱ्या. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा र आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, साधा र, हलन्त आणि य लिहिले की रफारच मिळतो. दुसरा र मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ०९३१ या संकेतांकाचा स्वतंत्र ऱ वापरायचा, ज्याला इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे अशी स्वतःची जागा आहे. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर २००डी हे अदृश्य जोडचिन्ह, म्हणजेच झिरो विड्थ जॉइनर. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. मी इनस्क्रिप्टवर टंकतो. मामेबहिणीने बहुतेक संवाद फोनवर लिहिले होते, पण तिसरा प्रसंग तिने काही वर्षांपूर्वी जुन्या फाँटमध्ये लिहून ठेवलेल्या एकांकिकेतून घेतला होता आणि तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला होता. त्या परिवर्तकाने प्रत्येक 'ऱ्या'त जोडचिन्ह घातले होते. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याने, वाऱ्यामुळे, दुसऱ्या तोडणीला: द्राक्षबागेवरच्या खेळात या अक्षराशिवाय तीन वाक्ये सलग लिहिता येत नाहीत.

हे मला समजले कसे, तर विममुळे. चौथ्या रात्री एप्रिलमधली ती '२००डी' ची खूण आठवली. टर्मिनल उघडून तीच सीएसव्ही विममध्ये पाहिली, तर तिसऱ्या प्रसंगातल्या प्रत्येक 'ऱ्या'च्या जागी ती खूण स्पष्ट उभी होती आणि इतर प्रसंगांत कुठेही नव्हती. अक्षरे मोडलेली, ओळ वाचायला कष्टाची, पण फाइलीत प्रत्यक्ष काय साठवले आहे ते त्या मोडक्या ओळीत दिसत होते. ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली लोकांसमोर आणलेला हा एडिटर मी दोन रात्रींत नाकारला होता तो नेमका त्याच्या या गुणामुळे. लिहिण्यासाठी मी तो आजही वापरत नाही, परंतु तपासण्यासाठी त्याला पर्याय नाही असे माझे आताचे मत आहे, आणि एप्रिलमधले मत चुकीचे होते.

व्हीएस कोडमध्ये अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय आहे आणि ती माझ्याकडे चालूच होती, पण निव्वळ मराठी शब्दाच्या आत आलेल्या या चिन्हाभोवती माझ्या फाइलींत तिने एकदाही चौकट काढली नाही. त्यामागचा विचार मी समजू शकतो, कारण हे चिन्ह आपल्या लिपीत वैध आहे आणि प्रत्येक मराठी दस्तऐवज चौकटींनी भरून जाणे कुणालाच नको असेल. मला मात्र ते दिसायलाच हवे आहे. त्यासाठी ग्रेमलिन्स ट्रॅकर हे एक्स्टेंशन घातले आणि त्याच्या चिन्हांच्या यादीत २००डी स्वतः भरले. आता असे चिन्ह असलेल्या ओळीच्या कडेला खूण येते. नंतर रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा साचा) वापरून र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असा बदल सर्व फाइलींत एकदाच केला. संवाद वाचणाऱ्या जीडीस्क्रिप्टमध्येही तोच बदल करणारी रिप्लेसची एक ओळ घातली, म्हणजे पुढे कुणी कसेही टंकले तरी खेळात एकच रूप पोहोचेल. आणि जे पहिल्या दिवशीच करायला हवे होते तेही केले: पात्रांची ओळख आता साध्या रोमन अक्षरांतल्या छोट्या नावांनी होते, मराठी नाव फक्त पडद्यावर दाखवण्यापुरते. जाता जाता आणखी एक गोष्ट: सीएसव्ही स्वतःच्या कोडने वाचणार असाल तर गोडॉटच्या आयात खिडकीत ती फाइल आहे तशी ठेवण्याचा पर्याय निवडा, कारण गोडॉट सीएसव्हीला मुळात भाषांतराची फाइल समजते.

एवढे होऊनही रोजचे काम व्हीएस कोडमध्येच चालते, कारण गिट, शोध आणि अनेक फाइली यांसाठी माझ्या हातात त्याहून सोयीचे काही नाही, आणि ते पूर्णपणे फुकट आहे. दृश्यरचना करताना मात्र मी गोडॉटच्या अंगभूत एडिटरकडे पुन्हा वळलो आहे. कंट्रोल दाबून नोड, म्हणजे दृश्यातला घटक, स्क्रिप्टमध्ये ओढला की त्याला कोडशी जोडणारी ऑनरेडीची ओळ तयार होते, कंट्रोल दाबून गोडॉटच्या फंक्शनवर क्लिक केले की त्याची माहिती तिथेच उघडते, आणि गोडॉट ४ पासून अनेक कर्सर वापरण्याची सोयही आली आहे. महिनाभर ते पूर्ण सोडून देणे ही माझी घाई होती. देवनागरीही त्यात नीट दिसते, कारण जोडाक्षरांची योग्य मांडणी गोडॉटमध्ये चौथ्या आवृत्तीपासूनच आली. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळाला मात्र स्वतःचा देवनागरी फाँट जोडावा लागतो, मी मुक्त हा फाँट जोडला आहे.

एक उणीव अजून बाकी आहे. संवादांत मराठी शुद्धलेखन तपासणारे समाधानकारक एक्स्टेंशन मला मिळालेले नाही, त्यामुळे प्रत्येक प्रसंग मी छापून मामेबहिणीकडे निफाडला नेतो आणि ती लाल शाईने दुरुस्त्या करते. गेल्या रविवारी तिने तोडणीच्या प्रसंगाच्या ६० ओळी पाठवल्या. फाइल उघडताच कडेला पाच खुणा दिसल्या, त्यांतल्या दोन 'शेतकऱ्या'च्या होत्या, आणि खेळ सुरू करण्यापूर्वीच त्या दुरुस्त झाल्या.