रेंजची मॅट की सरावाची हिरवळ? प्रशिक्षकाशिवाय गोल्फ शिकणाऱ्यासाठी एक तुलना

प्रशिक्षकाशिवाय गोल्फ शिकणाऱ्याला चेंडू बऱ्यापैकी लागू लागला की एक प्रश्न हमखास पडतो. आठवड्याचे जे तीन-चार तास हाती आहेत, ते ड्रायव्हिंग रेंजवर (एका जागी उभे राहून लांब चेंडू मारण्याच्या मैदानावर) चेंडूंच्या टोपलीमागून टोपली रिकामी करण्यात घालवावेत, की सरावाच्या हिरवळीवर चिपिंग (हिरवळीजवळून मारलेले छोटे, उचलते शॉट) आणि पुटिंग (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलणे) करण्यात? दोन्ही करावे, हे उत्तर चुकीचे नाही. पण नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्याला कोणत्या तरी एका बाजूला झुकते माप द्यावेच लागते. मी पुण्यात गेली नऊ वर्षे हा खेळ स्वतःच्या स्वतः शिकतो आहे. त्यांपैकी पहिली चार वर्षे जवळजवळ पूर्णपणे रेंजवर गेली आणि पुढची पाच मुख्यतः हिरवळीवर. दोन्हींचा अनुभव असल्यामुळे ही तुलना लिहिण्याचे धाडस करतो आहे, पण माझे शरीर, माझे वय आणि माझ्या चुका तुमच्यासारख्याच असतील असे नाही, हे आधीच नमूद करतो.

रेंजच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. कचेरी सुटल्यावर सात वाजता दिव्यांच्या उजेडात साठ चेंडू मारून आठ वाजता घरी पोचता येते, त्यासाठी सभासदत्व लागत नाही आणि सोबतीची वाट पाहावी लागत नाही. अगदी नवख्याला तर रेंजशिवाय दुसरी जागाच नाही, कारण चेंडू हवेत जाऊ लागेपर्यंत शेकडो वेळा क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, फिरवावा लागतो आणि ते कोर्सवर मागच्या गटाला ताटकळत ठेवून करता येत नाही. मोबाइल एका जागी पक्का ठेवून, कधी समोरून तर कधी हातांच्या उंचीवर मागून, स्वतःच्या स्विंगचे संथ गतीतले चित्रण करणेही रेंजवरच सोयीचे जाते. ली ट्रेविनो हा विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेला स्वयंशिक्षित खेळाडू. तरुणपणी त्याने डॅलसमधील एका ड्रायव्हिंग रेंजवर नोकरी केली होती आणि पुढे सहा मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या. त्यामुळे रेंजवर खेळ घडतच नाही, असे मी म्हणणार नाही.

माझा निर्णय मात्र ज्या एका गोष्टीने केला, ती म्हणजे रेंजवरची मॅट, म्हणजे जिच्यावरून चेंडू मारतात ती कृत्रिम गवताची चटई. ही तक्रार मी थोडी सविस्तर मांडतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच सुटतो.

चौथ्या वर्षाच्या अखेरीस रेंजवर माझी सात नंबरची आयर्न (मध्यम अंतराचा, धातूच्या पात्याचा क्लब) इतकी चांगली चालत होती, की शेजारच्या खणातले लोक थांबून पाहत. दहापैकी आठ चेंडू सरळ आणि उंच जात. त्याच आठवड्यात कोर्सवर, भोक असलेल्या हिरवळीपासून १४० यार्डांवर, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पडलेल्या चेंडूवर मी अगदी तोच स्विंग केला. क्लब चेंडूच्या चार बोटे मागे जमिनीत रुतला, तळहाताएवढे ढेकूळ उडाले आणि चेंडू जेमतेम साठ यार्ड जाऊन थांबला. कॅडीने ते ढेकूळ उचलून परत जागेवर बसवले आणि पायाने दाबले. त्या फेरीत असे सात वेळा झाले. दुसऱ्या दिवशी मी रेंजवर गेलो, तेव्हा पुन्हा दहापैकी आठ चेंडू सरळ! मग मी मॅटकडे खाली वाकून पाहिले. चेंडू ठेवण्याच्या जागेच्या चार बोटे मागे तिचे हिरवे धागे झिजून काळा रबर दिसू लागला होता. माझ्याआधी तिथे उभे राहणाऱ्या कितीतरी जणांचा आणि माझा क्लब आधी तिथेच आपटत होता.

यामागचे कारण साधे आहे. जमिनीवरच्या चेंडूला आयर्नने मारताना क्लबने आधी चेंडूला भिडावे आणि आपल्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या दोन-तीन इंच पुढे गाठावा, अशी अपेक्षा असते. म्हणूनच चांगल्या खेळाडूचा डिव्हट, म्हणजे क्लबने गवत उडून पडलेला खळगा, चेंडूच्या पुढे पडतो. हा बिंदू चेंडूच्या मागे पडला तर गवतात क्लब रुततो आणि शॉट ‘फॅट’ होतो. मॅटच्या खाली मात्र काँक्रीट असते. क्लबचा तळ रबरावर आपटून पुढे घसरतो आणि बहुतेक वेळा चेंडूला नीटच लागतो. म्हणजे गोल्फमधली सर्वांत महागडी चूक इथे चूक म्हणून दिसतच नाही. शेजारी प्रशिक्षक उभा असता तर त्याने नुसत्या आवाजावरून ओळखले असते, कारण मॅटवर फॅट शॉटचा आवाज जाड आणि दुहेरी येतो. आपल्याकडे प्रशिक्षक नाही. आपल्याला शिकवणारा एकच, आणि तो म्हणजे चेंडूचा परिणाम. तोच खोटा असेल तर मेहनत जितकी अधिक, तितकी चूक पक्की होत जाते. मी चार वर्षे ती मनापासून पक्की करत होतो. शिवाय त्या आपटण्याने उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला जे दुखणे लागले, ते जायला पाच महिने गेले.

सरावाच्या हिरवळीवर पहिल्या महिन्यात माझी फार निराशा झाली. पंधरा यार्डांवरून साधी चिप मारायची, तर क्लब गवतात अडकून चेंडू दोन पावले सरके, किंवा क्लबची धार चेंडूच्या पोटावर बसून तो पलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जाई. पण प्रत्येक चुकीचा पुरावा डोळ्यांसमोर असे. डिव्हट कुठे सुरू झाला, तो उथळ आहे की खोल, क्लबच्या तोंडावर दव आणि गवताचा कीस कुठे चिकटला आहे, हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. मी गवतावर चुन्याची एक बारीक रेघ ओढून, चेंडू न ठेवता, क्लब रेघेच्या पुढे जमिनीला लागतो का, एवढेच आठवडाभर केले. चिप हा छोटा स्विंग असला तरी खालचा बिंदू चेंडूच्या पुढे ठेवण्याचे काम त्यातही तेच असते, आणि छोट्या हालचालीत वजन डाव्या पायावर राहिले की नाही हे लवकर कळते. तीन-साडेतीन महिन्यांनी कोर्सवर सात नंबरची आयर्न आपोआप सुधारलेली दिसली. मधल्या काळात तिला मी फारसा हातही लावला नव्हता. हे केवळ चिपिंगमुळेच झाले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण दुसरे काही मी बदललेही नव्हते.

दुसरा फायदा वैविध्याचा. रेंजवर एकाच जागेवरून, एकाच क्लबने, मिनिटाला दोन-तीन चेंडू सुटतात आणि पंधराव्या चेंडूपर्यंत हात त्या लयीत बसतो. कोर्सवर मात्र दोन शॉटांमध्ये काही मिनिटे जातात आणि प्रत्येक वेळी जागा निराळी असते. कौशल्ये कशी आत्मसात होतात यावर शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली केलेल्या प्रयोगात, निरनिराळ्या हालचाली मिसळून सराव करणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी मागे पडली, पण नंतरच्या चाचणीत पुढे राहिली. तो प्रयोग गोल्फवर नव्हता. तरी माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. हिरवळीवर मी ‘पार १८’ हा खेळ खेळतो. नऊ वेगवेगळ्या जागांवरून एकेकच चेंडू घ्यायचा, चिप करून तो पुट करून संपवायचा, आणि प्रत्येक जागेला पार, म्हणजे अपेक्षित फटके, दोन धरून लागलेल्या फटक्यांची बेरीज करायची; ती जितकी कमी तितकी चांगली. सुरुवातीला माझी बेरीज २९ यायची. आता चांगल्या दिवशी २२ येते. दुसरा चेंडू टाकायचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळल्यास नवव्या जागेवरचा चार फुटांचा पुट खऱ्या फेरीइतकाच छातीत धडधड करतो. रेंजवर साठावा चेंडू मारताना असे मला कधी झाले नाही.

याविरुद्धचा सर्वांत सबळ मुद्दा लपवणे योग्य नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांतील एकेका शॉटची नोंद तपासून दाखवले आहे, की सरस आणि साधारण खेळाडूंच्या गुणसंख्येतील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडच्या शॉटांतून येतो. पुटिंगचा वाटा आपण समजतो त्याहून कमी आहे. हे वाचून कोणीही म्हणेल, मग लांबच्या शॉटांसाठी रेंजच बरी. ब्रॉडी यांचे आकडे मी मान्य करतो. माझे म्हणणे एवढेच, की हौशी खेळाडूचे लांबचे शॉट बिघडतात ते बहुधा चेंडूशी होणारा संपर्क नीट नसल्यामुळे, आणि तो संपर्क खरेपणाने शिकवणारी जमीन मॅटची नसून गवताची आहे. तुमच्या जवळपास गवतावरून चेंडू मारू देणारी रेंज असेल, तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटते आणि मग तिलाच पहिली पसंती द्यावी. आपल्याकडे अशा जागा थोड्या आहेत.

आता हिरवळीच्या अडचणी. पहिली अडचण प्रवेशाची. १८८९ साली स्थापन झालेल्या, येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबसारख्या जुन्या क्लबांचे सभासदत्व सहज मिळत नाही. नवी मुंबईतल्या वाचकांना खारघरला सिडकोने उभारलेला कोर्स जवळ आहे, जिथे सभासद नसतानाही शुल्क भरून खेळता येते. इतरांनी आपल्या भागात अशी सोय आहे का, याची चौकशी करावी. दुसरी अडचण अशी, की काही ठिकाणी पुटिंग ग्रीनवर चिप करण्यास मनाई असते, आणि ती रास्तही आहे, कारण चेंडूंनी पडलेले खळगे बुजवण्याची तसदी सगळे घेत नाहीत. तिसरी, ऋतूंची. एप्रिल-मे महिन्यांत आपली जमीन इतकी कडक होते, की वेज (छोट्या, उंच शॉटांचा क्लब) तिच्यावरून उसळून चेंडूच्या पोटावर बसते. जुलैत तीच जमीन क्लब गिळते. याला काही जण गैरसोय म्हणतील, मी याला अभ्यासक्रम म्हणतो, पण नवख्याला दोन्ही काळ जड जातात. पुटिंगसाठी मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही. भोक १०८ मिलिमीटरचे आणि चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटरचा, तेव्हा चार फुटांवरून दिशा सरळ राहिली तर चेंडू जायलाच हवा. घरी जाजमावर पटरच्या रुंदीपेक्षा थोड्या अधिक अंतरावर दोन वाट्या ठेवून, त्यांना न लावता पन्नास पुट मारणे हा रोजचा पंधरा मिनिटांचा सराव मला पुरला आहे.

आकड्यांत सांगायचे, तर रेंजच्या काळात माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) २३ च्या आसपास अडकून राहिला होता. हिरवळीकडे वळल्यावर पावणेदोन वर्षांत तो १७ च्या खाली आला. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतील सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून इंडेक्स काढतात, म्हणून हा एखाद्या चांगल्या दिवसाचा चमत्कार नसावा असे मला वाटते. त्याहून मोठा बदल म्हणजे, हिरवळीच्या अलीकडे चेंडू पडला की पूर्वी पोटात येणारा गोळा आता येत नाही.

माझी आजची वाटणी अशी आहे: आठवड्याच्या चार तासांपैकी तीन हिरवळीवर आणि एक रेंजवर. त्या एका तासात मी जवळजवळ फक्त ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारण्याचा क्लब, मारतो. ड्रायव्हरचा चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि क्लब मॅटला लागण्याचे कारणच नसते, त्यामुळे तिथे मॅट फसवू शकत नाही. चेंडू उजवीकडे वळला की डावीकडे, एवढे तर ती रेंज प्रामाणिकपणे सांगते. अंतरांवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण रेंजवरचे चेंडू झिजलेले किंवा मुद्दाम कमी जाणारे असतात. ज्यांनी अजून पहिले सहा महिनेही पूर्ण केलेले नाहीत, किंवा ज्यांना संध्याकाळशिवाय वेळच नाही, त्यांनी रेंजवर जाण्यात कमीपणा मानू नये.

पावसाळ्यात हिरवळ बंद असली की मलाही आयर्न घेऊन मॅटवर जावे लागते. तेव्हा मी हात पुसायचा पंचा चौपदरी घडी करून चेंडूच्या चार बोटे मागे ठेवतो. क्लब त्याला लागला की पंचा पुढे फरफटत येतो. मग चेंडू कितीही सरळ गेलेला असो, तो मी मोजत नाही. पंचा उचलून पुन्हा मागे ठेवतो आणि पुढचा चेंडू घेतो.