टेरेसवर बार्बेक्यू: गॅसचा घ्यायचा की कोळशाचा?

कोल्हापुरात थंडी पडली की टेरेसवर मटण भाजायचा बेत ठरतोच, मग गॅस की कोळसा यावर वाद. चवीला माझं मत कोळशालाच, धुराचा तो वास गॅसवर येत नाही म्हणजे नाहीच. पण रोजच्या वापराला गॅस लई सोपा भावा, पेटवला की पाच-दहा मिनिटात तयार, कोळसा धगधगायला अर्धा तास तरी जातो.

आता सेफ्टी. एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर खाली साचतो, म्हणून पेटवताना झाकण उघडंच पाहिजे. बर्नर पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबायचं, लगेच परत लायटर मारायचा नाही. सिलेंडर जोडला की जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की लीक आहे, काडी पेटवून बघणारे महाभाग पण आहेत म्हणा. पाइप आयएसआय मार्कचा घ्या, चिरा दिसल्या की बदला. लीकसाठी हेल्पलाइन १९०६.

कोळशाला ही भानगड नाही पण कार्बन मोनॉक्साइड होतो, वास येत नाही आणि जीव जातो, त्यामुळे पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत घ्यायची नाही. राख पण दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम राहू शकते, लगेच कचऱ्यात टाकू नका.

साफसफाईत गॅसचं काम जास्त, चरबीचा ट्रे दरवेळी रिकामा करायचा नाहीतर चरबीच पेट घेते, बर्नरची भोकं ब्रशनं साफ करायची. फ्लॅटची बाल्कनी असेल तर दोन्ही नको.