नऊ महिने वापरलेलं ॲडव्हान्स मॉड्यूल: ती एक ओळ बिलावर का दिसत नाही?

गेल्या महिन्यात एका पुरवठादाराला आमच्याकडून 140 टक्के पैसे गेले. ऑर्डर देताना 40 टक्के ॲडव्हान्स दिला होता. माल आला, बिल पूर्ण रकमेचं आलं आणि आम्ही ते पूर्ण चुकतं केलं. बिल तपासलं मी, पेमेंट सोडलं साहेबांनी, आणि तो ॲडव्हान्स दोघांच्याही समोर एकदाही आला नाही.

आमच्या नोंदी चुकीच्या नव्हत्या, हे जास्त लागलं. पैसे देताना ॲडव्हान्स खातं नावे, बँक जमा. बिल आल्यावर खरेदी नावे, पुरवठादार जमा. राहिली ती तिसरी नोंद: पुरवठादार नावे, ॲडव्हान्स जमा. ती झाली असती तर देणं 60 टक्केच उरलं असतं. आम्ही नऊ महिने वापरत असलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाच्या स्क्रीनवर मुदत, कर, मंजुरी, सगळं दिसतं. या पार्टीकडे आपले पैसे आधीच पडून आहेत, ही एक ओळ तेवढी नसते. त्यासाठी वेगळ्या मेनूत जाऊन रिपोर्ट काढावा लागतो. दिवसाला चाळीस बिलं असताना प्रत्येकासाठी तो कोण काढणार?

आधी मला वाटायचं की ॲडव्हान्सला वेगळं खातं दिलं हीच चूक. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही तो थेट पुरवठादाराच्याच खात्यात नावे टाकायचो, शिल्लक आपोआप कमी दिसायची. पण वर्षअखेरीला तीच सोय महागात पडायची. एका पार्टीला दिलेला ॲडव्हान्स ही आपली मालमत्ता, ती दुसऱ्या पार्टीच्या देण्यातून वजा करून ताळेबंदात दाखवता येत नाही. नावे शिल्लक असलेली खाती हाताने वेगळी काढण्यात दोन दिवस जायचे. यंदा ते काम काही मिनिटांत झालं, तेव्हा वेगळ्या खात्याबद्दलची माझी तक्रार मी मागे घेते.

हे लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात सपोर्टशी चाललेल्या भांडणातून एक गोष्ट बाहेर आली. तीन आठवडे ‘रचनाच तशी आहे’ एवढंच उत्तर मिळत होतं. चौथ्यांदा फोन घेणाऱ्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, ॲडव्हान्स देताना ऑर्डर नंबर टाकता का?’ तो रकाना ऐच्छिक आहे, आणि सक्तीचा करायची सेटिंग मुळात बंद असते. ती चालू केली. आता त्या ऑर्डरचं बिल चढवलं की शिल्लक ॲडव्हान्स समोर येतो आणि समायोजनाची नोंद, म्हणजे वरची ती तिसरी नोंद, तयारच मिळते. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आमचे पैसे गेले नसते. तरी सोय चांगली आहे, हे मान्य करायलाच हवं.

जुन्या 63 ॲडव्हान्सना ऑर्डर नंबर मी हाताने जोडले. त्यातले दोन रद्द झालेल्या ऑर्डरींचे निघाले, एक तर 14 महिने जुना. पैसे कोणी परत मागितलेच नव्हते! म्हणून ॲडव्हान्सचा वयवार रिपोर्ट, म्हणजे कोणता ॲडव्हान्स किती दिवस पडून आहे त्याची यादी, दर महिन्याला काढा. हा रिपोर्ट या मॉड्यूलमध्ये खरोखर उत्तम आहे.

परकीय चलनाचं काम मात्र नीट नाही. मालाच्या बदल्यात दिलेला ॲडव्हान्स महिनाअखेरच्या दराने पुन्हा मोजायचा नसतो. 2018 पासून लागू असलेलं आयएफआरआयसी 22, म्हणजे परकीय चलनातल्या ॲडव्हान्सबद्दलचं आंतरराष्ट्रीय लेखा-स्पष्टीकरण, स्पष्ट सांगतं की ॲडव्हान्सपुरत्या मालाला ॲडव्हान्स दिला त्या दिवशीचाच दर लावायचा. म्हणजे यंत्राची 40 टक्के किंमत त्या दराने आणि उरलेली 60 टक्के यंत्र ताब्यात आलं त्या दिवशीच्या दराने. हे सॉफ्टवेअर दर महिन्याला सगळंच नव्या दराने मोजतं आणि नसलेला नफा-तोटा दाखवतं. ते खातं मी पुनर्मूल्यांकनातून वगळलं. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत यायचे असतील तर मात्र ते येणं ठरतं आणि नवा दर लावावाच लागतो, म्हणून अशा रकमा वेगळ्या खात्यात हलवते.

पण माझं घोडं अजून त्या एका ओळीवरच अडलं आहे. ऑर्डरशिवाय येणारी बिलं, म्हणजे वाहतूक, दुरुस्ती वगैरे, त्यांवर ॲडव्हान्स आजही दिसत नाही. पेमेंट मंजूर करणाऱ्याच्या स्क्रीनवर तर कशावरच दिसत नाही. पैसे बाहेर जाण्याआधीची शेवटची नजर त्याचीच असते. बाकी सगळ्याला पाचपैकी चार देईन, या एका कारणाने अडीच.

त्या पुरवठादाराकडून जास्तीचे 40 टक्के अजून आलेले नाहीत. ‘पुढच्या ऑर्डरीत वळते करू’ म्हणतात. पुढची ऑर्डर चार महिने तरी नाही, म्हणून मी लेखी पत्र देऊन पैसे परतच मागितले आहेत. सॉफ्टवेअरचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आहे. मंजुरीच्या स्क्रीनवर ती ओळ हवी, ही मागणी त्यांनाही लेखीच पाठवली आहे, आणि उत्तर येईपर्यंत नूतनीकरणाच्या कागदावर मी सही करणार नाही.