दोष प्रोसेसरचा नव्हता

मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळद सौद्याला आली की हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय बोली लावायची नाही, हे तेथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही गेल्या दिवाळीत भाच्यासाठी गेमिंगचा संगणक जुळवताना मी वरचे नाव वाचून पैसे मोजले.

दुकानदाराने आय-३ १०१००एफ हा प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) आणि ४ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) सुचवले. या प्रोसेसरच्या नावातील ‘एफ’चा अर्थ त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड घेणे भागच होते. ही जोडी कमी पैशांत चांगली जमते असे भाच्याने वाचले होते आणि ते खरेही होते, म्हणूनच मला शंका आली नाही. कार्डाला डबा नव्हता. ‘बाहेरचा माल आहे, डबा येत नाही’ असे उत्तर मिळाले. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणून मी साध्या चिठ्ठीवर ७,५०० रुपयांना ते घेतले. हा माझा लोभ, तो लपवण्यात अर्थ नाही. निघताना त्याने ‘ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मात्र अपडेट करू नका’ असेही बजावले होते.

भाच्याचा जीटीए ५ हा गेम सर्वांत खालच्या सेटिंगवरही अडखळत चाले आणि थोड्या वेळाने पडदा काळा होई. दुकानात गेलो तर तो म्हणाला, “काका, बॉटलनेक होतोय. तुमचा प्रोसेसर कार्डाला पुरत नाही, आय-५ घाला.” वरचे साडेपाच हजार सांगून त्याने १,००० रुपये इसार घेतला, आणि मी तो दिलाही.

भाच्याच्या कॉलेजातील एका मुलाने त्याच रात्री गेम चालू ठेवून आकडे दाखवले: कार्डाचा वापर ९९ टक्के, प्रोसेसरचा जेमतेम ३०. प्रोसेसर कमी पडत असता तर कार्डच रिकामे वाट पाहत बसले असते. रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, १०८० वरून ७२० वर आणताच फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) जवळजवळ दुप्पट झाल्या, म्हणजे सारा ताण कार्डावरच होता. मग त्याने जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडला, तेव्हा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द आणि चिपच्या रकान्यात जीएफ१०६ दिसले. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी१०७ असते. आमच्या हाती आले होते ते २०१० सालचे जीटीएस ४५०, ज्यात ७६८ ऐवजी १९२ कोअर, म्हणजे काम करणारे छोटे भाग, असतात. बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम, बदलून त्याला नवे नाव आणि ४ जीबीचा आकडा चिकटवला होता, आणि गेमने खऱ्या मेमरीपेक्षा जास्त मागितले की पडदा काळा पडत होता. त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडिया या कंपनीने २०१८ मध्येच नवे ड्रायव्हर काढणे थांबवले; नवा ड्रायव्हर घातला असता तर ते कार्ड चाललेच नसते, तेव्हा ती ड्रायव्हरची ताकीद कशासाठी होती तेही उमगले.

सर्वांत जास्त लाज वाटली ती कार्डावरच्या निळ्या व्हीजीए पोर्टची, म्हणजे मॉनिटरची वायर खोचायच्या जुन्या धाटणीच्या जागेची. १०५० टीआय ज्या पिढीचे आहे, तिने हे जुने अॅनालॉग आउटपुट काढूनच टाकले आहे. मी मात्र घरच्या जुन्या मॉनिटरची वायर त्यात स्वतःच्या हाताने खोचून ‘चला, कन्व्हर्टरचे पैसे वाचले’ असे म्हणालो होतो.

बिल नसले तरी चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद माझ्याजवळ होती. दुसऱ्या दिवशी दुकानदारासमोरच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही त्याला ऐकवले. तेव्हा इसार आणि ४,००० रुपये परत मिळाले; उरलेले साडेतीन हजार बुडाले.

पुढे कोल्हापुरातून एक वापरलेले १०५० टीआय घेतले, तेही जीपीयू-झेड लावून आणि अर्धा तास गेम चालवून मगच पैसे दिले. प्रोसेसर तोच आय-३ आहे आणि तोच गेम आता ६० फ्रेमवर चालतो. खोटे कार्ड त्या दुकानदाराने परत मागून घेतले होते. आठवड्याभराने तेथून जाताना त्याच्या काचेच्या कपाटात निळ्या पोर्टचे तसेच एक कार्ड पुन्हा मांडलेले दिसले.